दवाखान्यातली उघडी वही

श्रोतेहो, माहूरला रेणुकेच्या दर्शनाला जाल तेव्हा वाटेतल्या एखाद्या लहान दवाखान्यात डोकावा. टेबलावर वही बहुधा उघडीच असते. नाव, गाव, दुखणे सारे दिसते. आणि रांगेतली मावशी ते वाचतेही! क्षयाचे औषध घेणाऱ्या सुनेची गोष्ट सांजेपर्यंत गावभर होते, अन् ती पोर पुन्हा औषधाला फिरकत नाही.

क्षयाचा रुग्ण डॉक्टरांनी सरकारला कळवायचा, हा २०१२ चा आदेश, शेजारणीला नव्हे. रुग्णाचे गुपित राखावे, हे वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांतच आहे. पण कंपाउंडरला ते सांगतो कोण? वही कुलपात ठेवा. नाव पुकारा, आजार पुकारू नका. मोबाइलवर केसपेपरचा फोटो धाडण्याआधी रुग्णाला विचारा.

आणि गुरुजी, मुलांच्या आरोग्य तपासणीचे कागद तुमच्या कपाटात आहेत ना? किल्ली कुणाकडे असते?