लेकीसाठी लॅपटॉप घेताना

मी माळशिरसहून बोलतेय.

गेल्या वर्षी आमच्या बचत गटातल्या एका ताईंनी लेकीच्या लॅपटॉपसाठी कर्ज काढलं. पोरगी इंजिनिअरिंगला आहे, मोबाईलची ॲप बनवायला शिकतेय. दुकानदार म्हणाला, "५१२ जीबी मेमरी आहे, भरपूर झाली." आम्ही दोघी-तिघी सोबत होतो, आम्हीही माना डोलावल्या. महिनाभरात पोरगी रडकुंडीला आली. काम सुरू केलं की मशीन अडकायचं. हप्ते मात्र चालूच.

ते ५१२ म्हणजे साठवणीची जागा. काम चालतं रॅमवर, आणि ती होती ८ जीबी. असं बघा, कणगी ज्वारीनं भरलेली असली तरी एका वेळी परातीत मावेल तेवढंच पीठ मळता येतं. साठवण म्हणजे कणगी, रॅम म्हणजे परात. रॅम भरली की संगणक साठवणीतली जागा उसनी घेतो, पण तिथं काम फार हळू होतं.

टायपिंग, हिशोब, ऑनलाइन फॉर्म यांना ८ जीबी पुरते. पायथॉन शिकायला, साधी वेबसाइट बनवायलाही भागतं. पण ॲप बनवायचं अँड्रॉइड स्टुडिओ आणि ते तपासायला एम्युलेटर, म्हणजे पडद्यावरचा लुटुपुटूचा मोबाईल, दोन्ही चालवायचे तर गूगलच किमान १६ जीबी सांगतं.

मग नंतर वाढवू, असं आम्हाला वाटलं. तर या लॅपटॉपची रॅम बोर्डावरच पक्की बसवलेली निघाली! बऱ्याच पातळ लॅपटॉपचं असंच असतं. म्हणून पैसे देण्याआधी विचारा: रॅम किती, आणि वाढवता येते का? विंडोज असेल तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्स, मग मेमरी. रॅमचा आकडा तिथं दिसतो. वाढवता येते का, ते मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवर बघा. आणि रॅमचा आकडा बिलावर लिहून घ्या, लाजू नका.

त्या पोरीनं तोवर वाट काढलीय. आईचा खरा मोबाईल वायरनं जोडून त्यावर ॲप तपासते, मशीनवरचा भार कमी होतो. संध्याकाळी ताईंना फोन लावला की हल्ली लेकच उचलते.