मोजणीत न आलेले गाव



साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाने भाषेवर बोलावे अशी रीत आहे. मी टॉवरवर, रिचार्जवर आणि दिल्लीत लिहिल्या जाणाऱ्या परवान्याच्या अटींवर बोलणार आहे. आपल्या भागाच्या झाडीबोलीतली कविता आज वाचकाला भेटते ती बहुतेक वेळा मोबाइलच्या पडद्यावर. दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो, तेव्हा वडशाची नाटक मंडळी आणि गावातले मंडळ यांची बोलणी फोनवर होतात. धान विकायची नोंदणी, रेशन दुकानातला अंगठा, पोरीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज, खात्यात पैसे आले का याची विचारपूस, सगळे त्याच वाटेने जाते. ही वाट कुठवर येणार आणि तिचे भाडे किती, हे ज्या कागदांत ठरते ते कागद लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या माणसांनी वाचायचे नाहीत, तर कोणी वाचायचे?

मी ते वाचत आले आहे. त्यातून माझी एक गोष्ट पक्की झाली आहे: सरकारी नियम ज्याची मोजणी करतो, तेच उभे राहते. ज्याची मोजणी होत नाही, ते कोणी मुद्दाम नाकारलेले नसते, पण तिथवर काम येत नाही.

2003 साली मोबाइल आणि साध्या फोनचा एकत्रित परवाना आला. कंपनीने जाळे कुठवर पसरायचे, हे त्यात स्पष्ट लिहिले होते. पहिल्या वर्षात सर्कलमधली, म्हणजे परवान्याच्या क्षेत्रातली, दहा टक्के जिल्ह्यांची ठिकाणे आणि तीन वर्षांत निम्मी. एखादे जिल्ह्याचे ठिकाण नको असेल, तर त्याऐवजी त्या जिल्ह्यातले दुसरे शहर चालेल. आणि शहर ‘झाले’ असे केव्हा म्हणायचे? नगरपालिकेच्या हद्दीतल्या नव्वद टक्के भागात फोन लागला की. आपले सर्कल म्हणजे मुंबई आणि तिच्या लगतचा भाग वगळून उरलेला महाराष्ट्र, अधिक गोवा. पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर, औरंगाबाद असे करत निम्मी ठिकाणे पुरी करायला आपल्या भंडारा जिल्ह्यात पाऊलही ठेवायची गरज नव्हती. आले असते, तरी भंडारा शहर पुरे होते. आपण जमलो आहोत ते आसगाव ग्रामपंचायतीचे गाव. त्याला नगरपालिकेची हद्दच नाही, म्हणून त्या अटीच्या मोजपट्टीवर ते येऊच शकत नव्हते.

ती अट लिहिणाऱ्यांना मी दोष देऊन मोकळी होणार नाही. 1994 च्या दूरसंचार धोरणानंतर कंपन्यांनी परवान्यांसाठी न झेपणाऱ्या बोली लावल्या होत्या आणि त्या ओझ्याखाली धंदाच बसत चालला होता. 1997 च्या फेब्रुवारीत दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, स्थापन झाले. 1999 च्या नव्या धोरणाने ठरावीक परवाना शुल्क काढून उत्पन्नातला हिस्सा घ्यायची पद्धत आणली. त्या एका बदलाने फोन स्वस्त व्हायला वाट मिळाली. पुढे मे 2003 पासून येणाऱ्या कॉलचे पैसे बंद झाले. या निर्णयाचे मोल शहरातल्या माणसाला पुरते उमगणार नाही. फोन घेतला की दोन्हीकडून पैसे जाणार असतील, तर शेतमजूर बाई फोन घेतच नाही. उचलायला पैसे लागत नाहीत म्हटल्यावर ती तो पदरात बांधून रोवणीला जाऊ लागली, आणि नागपूरला कामावर असलेला मुलगा तिला बांधीत भेटू लागला. 1999 च्या धोरणाने ग्रामीण भागात 2010 पर्यंत शंभर माणसांमागे चार फोन असावेत असे उद्दिष्ट ठेवले होते. देशाने ते कित्येक पटींनी ओलांडले. नियम असा मदतीला येतो. त्याने एक अडसर काढला, आणि पुढचे काम लोकांच्या गरजेने केले.

त्याच्याही आधीची एक आठवण आपल्या भागाला जवळची वाटावी. 1984 साली दूरसंचार तंत्रज्ञ सॅम पित्रोदा यांच्या पुढाकाराने सी-डॉट ही सरकारी संस्था निघाली. तिने 128 लाइनींचे छोटे ग्रामीण एक्स्चेंज बनवले. ते वातानुकूलनाशिवाय, आपल्याकडच्या उन्हाळ्यात आणि धुळीतही चालावे अशी त्याची घडण होती. पहिले बसले ते 1986 मध्ये, बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला. परदेशी यंत्रे शहरांच्या मापाने बनलेली होती. खेड्याच्या मापाचे यंत्र हवे, असे आधी कोणीतरी ठरवले, म्हणून ते बनले.

आता पैशांकडे येते. कंपन्यांच्या उत्पन्नातला पाच टक्के हिस्सा 2002 पासून सर्वांपर्यंत सेवा पोचवण्याच्या निधीत जातो. 2003 च्या दुरुस्तीने त्याला कायद्याचा आधार मिळाला आणि 2023 च्या दूरसंचार कायद्याने त्याचे नाव डिजिटल भारत निधी झाले. हा पैसा कुठून येतो? तुमच्या-माझ्या रिचार्जमधून. आसगावची म्हातारी जेव्हा रिचार्ज मारते, तेव्हा त्यातला वाटा या निधीत जातो. तरीही वर्षानुवर्षे निधीचा मोठा भाग खर्चच झाला नाही. 2011 साली याच पैशातून अडीच लाख ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबरने जोडायची योजना मंजूर झाली, तीच आजची भारतनेट. त्यात मोजले काय गेले? पंचायतीपर्यंत केबल पोचली की नाही. ती चालू आहे का, तिच्यावरून शाळेला आणि दवाखान्याला नेट मिळते का, याला तेवढे वजन नव्हते. तालुक्यापासून पंचायतीपर्यंत केबल एकाच रेषेत टाकलेली. रस्त्याच्या कामात जेसीबीने मध्ये एक ठिकाणी तोडली की पुढची गावे बंद. दुसऱ्या बाजूनेही जोड मिळेल अशी गोल आखणी करायचे ठरले ते 2023 च्या सुधारित योजनेत. मधली बारा वर्षे खेड्यातल्या पोरांच्या शिक्षणातून वजा झाली, आणि याची चीड मला लपवायची नाही.

आपल्या जिल्ह्याचे एक वेगळे दुखणे आहे. विकासात मागे म्हणून निवडलेल्या, म्हणजे आकांक्षित, जिल्ह्यांतल्या 7,287 गावांत मोबाइल सेवा नेण्याची योजना 2021 मध्ये झाली. तिच्यातल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता आणि शेजारचा गडचिरोली आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. त्याला मिळाले ते योग्यच मिळाले, गडचिरोलीची गरज मोठीच आहे. पण भंडारा त्या यादीत नाही. कंपनीला आपणहून यावेसे वाटेल इतका तो श्रीमंत नाही, आणि योजनेत बसेल इतका मागास ठरलेला नाही. देशात असे मधले जिल्हे पुष्कळ आहेत आणि त्यांची दाद कोणी मागत नाही. 2022 मध्ये सरकारने जिल्ह्याची यादी बाजूला ठेवून फोर-जी नसलेली 24,680 गावे धरली, तेव्हा जिल्हा कोणताही असो, मोजायचे एकक गाव झाले. मला त्या योजनेत सर्वांत मोलाचे वाटते ते हेच.

सेवेच्या दर्जाची गोष्टही अशीच. कॉल किती तुटतात याचा हिशेब ट्राय ठेवत आली, पण पुष्कळ वर्षे तो अख्ख्या सर्कलच्या सरासरीने. पुण्याच्या आकड्यात आपली बांधी बुडून जाते. सरासरी चांगली निघते, कंपनी पास होते आणि इथला माणूस रेंज शोधत तलावाच्या पाळीवर चढतो. 2024 च्या नव्या नियमांत कंपन्यांनी जाळ्याचे नकाशे जाहीर करायचे आहेत. ते नकाशे आपण उघडून पाहिले पाहिजेत. जिथे रंग भरलेला आहे आणि रेंज मात्र नाही, ती जागा लिहून कळवली पाहिजे.

नियमाने खेड्याला वाचवल्याचे एक उदाहरण मी आवर्जून सांगते, कारण त्यात महाराष्ट्राच्या शेतकऱ्याचे नाव पुढे केले गेले होते. 2015 साली फेसबुकने एका भारतीय कंपनीबरोबर, महाराष्ट्रासह काही राज्यांत, निवडक संकेतस्थळे फुकट देणारी सेवा आणली. फ्री बेसिक्स असे तिचे नाव झाले. मार्क झुकेरबर्ग यांनी वर्तमानपत्रात लेख लिहून, महाराष्ट्रातला एक शेतकरी या सेवेवर हवामान आणि बाजारभाव पाहतो, असे सांगितले. मुद्दा मनाला भिडणारा होता. गरिबाला फुकट मिळते आहे, तर नाही कशाला म्हणायचे? पण त्या दारातून कोणी आत यायचे हे फेसबुक ठरवणार होते. झाडीबोलीचा कोश, आपल्या गावचे मासिक, पवनीच्या स्तूपावरचा एखाद्या शिक्षकाचा लेख यांना फेसबुककडे परवानगी मागावी लागली असती. लाखो लोकांनी ट्रायला पत्रे पाठवली आणि 8 फेब्रुवारी 2016 ला ट्रायने मजकूर पाहून वेगळे दर लावायला मनाई केली. काही जाणती माणसे आजही म्हणतात की, त्याने गरिबांचे नुकसान झाले. मला ते पटत नाही. गरिबाला नेट स्वस्त मिळायला हवे, आणि ते पुरते मिळायला हवे. कापून दिलेल्या नेटवर आपण फक्त गिऱ्हाईक राहिलो असतो. लिहिणारे झालो नसतो.

भाषेसाठीही एक नियम चुपचाप कामाला आला. देशात विकल्या जाणाऱ्या फोनवर सर्व 22 भाषा वाचता याव्यात आणि हिंदी-इंग्रजीखेरीज आणखी एका भारतीय भाषेत लिहिता यावे, असे सरकारने 2016 मध्ये मानकात घातले. पण साध्या एसएमएसमध्ये इंग्रजी अक्षरे 160 मावतात, देवनागरी 70. म्हणजे लांब निरोप मराठीत धाडायला दुप्पट किंवा त्याहून जास्त एसएमएस लागतात. ती तूट अजून कोणी भरून काढलेली नाही.

डिसेंबर 2024 मध्ये ट्रायने आणखी एक चांगले पाऊल टाकले. ज्यांच्याकडे साधा डबा फोन आहे, ज्यांना नेट लागतच नाही, त्यांच्यासाठी फक्त बोलणे आणि एसएमएस एवढ्याचेच रिचार्ज ठेवणे कंपन्यांना बंधनकारक केले, आणि त्याची मुदत 90 दिवसांवरून 365 दिवसांपर्यंत नेता येईल असे केले. न वापरलेल्या डेटाचे पैसे म्हातारी माणसे भरत होती, ते थांबायला हवेच होते. पण किंमत किती, हे कंपनीने ठरवायचे. एके काळी सर्कलमध्ये डझनभर कंपन्या होत्या. आज तीन खासगी आणि एक सरकारी उरली आहे. चढाओढ होती, तोवर दर बाजारावर सोपवणे मला पटत होते. आता निदान या एका साध्या रिचार्जची कमाल किंमत ट्रायने ठरवावी, असे मला ठामपणे वाटते.

ही मागणी करायची कशी? निर्णयाआधी ट्राय सल्लापत्रिका काढते, लोकांची मते मागवते, खुली चर्चा ठेवते. तिच्या कायद्यातच कारभार पारदर्शक ठेवण्याचे बंधन आहे. पण त्या पत्रिका इंग्रजीत असतात, आणि उत्तरे येतात ती मुख्यतः कंपन्यांची आणि महानगरांतल्या जाणकारांची. कुठल्याही सल्लापत्रिकेवर आपल्या पवनी तालुक्यातून मराठीत लिहिलेले चार पानांचे उत्तर जावे, यात कायद्याची आडकाठी नाही. लिहिणाऱ्यांची कमी आहे, आणि लिहिणारे तर या मंडपात बसले आहेत.

म्हणून या संमेलनाने ठराव करताना तीन मागण्या त्यात घालाव्यात, अशी माझी विनंती आहे. ट्रायच्या सल्लापत्रिका मराठीतही निघाव्यात. जाळ्याचा नकाशा गावनिहाय आणि शेतशिवारासह मोजून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. फक्त बोलणे आणि एसएमएस एवढ्याच्या रिचार्जला कमाल दर असावा. ठरावाचा मसुदा मी आणला आहे. दुपारच्या सत्राआधी तो सगळ्यांनी वाचावा, खोडावा, झाडीबोलीत सांगायचे असेल ते झाडीबोलीत लिहावे, आणि खाली सही करताना आपल्या गावाचे नाव घालावे.