अंगणातला मचवा

आज पापड-लोणच्याचं बोलायचं नाही आणि कर्जाच्या हप्त्याचंही नाही. आज होडीचं बोलायचं आहे. मापात केलेल्या, हातभर लांबीच्या होडीचं.

माझं सासर भिवंडीजवळ, खाडीच्या काठाला. आता आमच्या गावात शिरलं की आधी गोदामं दिसतात, मग कंटेनर, मग पुन्हा गोदामं. खाडी त्यांच्या मागे आहे. माझे सासरे तरुणपणी मालाच्या मचव्यावर होते. विटा, पेंढा, रेती भरायची आणि भरती-ओहोटी बघून मुंबईकडे न्यायची. तो मचवा मी पाहिलेला नाही. त्याचा एक फोटोसुद्धा घरात नाही. सासऱ्यांच्या लग्नाचाच फोटो नाही, तिथं मचव्याचा कुठून असणार?

माझ्या धाकट्याला शाळेत इतिहासाचा प्रकल्प होता. शिवाजी महाराजांनी १६५७ च्या ऑक्टोबरात कल्याण आणि भिवंडी घेतली, आणि त्यानंतर इथल्याच खाडीत स्वराज्याची पहिली गलबतं बांधायला लागली. सुरुवातीला पोर्तुगीज कारागीर कामाला होते. वसईच्या पोर्तुगीजांनी त्यांना फूस लावून परत नेलं, तरी काम थांबलं नाही. पोराला होडी करून न्यायची होती, म्हणून मी एका संध्याकाळी पुठ्ठ्याची करून दिली. डिंक लावला, वर भगवा झेंडा लावला. मला वाटलं झकास झाली. सासरे ओट्यावर बसले होते. त्यांनी ती हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली आणि म्हणाले, "गो, ही होरी नाय, परात हाय."

राग आला. पण खरं होतं. बूड सपाट, कडा उभ्या, दोन्ही टोकं सारखी. पाण्यात ठेवली असती तर परातीसारखीच फिरली असती. मी म्हटलं, "बाबा, मग खरी कशी असते ते सांगा." इथून माझा छंद सुरू झाला.

आता मुख्य गोष्ट मापाची. खरी होडी तीस फूट असेल तर तेवढी घरात करता येत नाही. म्हणून एका फुटाला अर्धा इंच धरायचा. तीस फुटांची पंधरा इंच झाली. आठ फूट रुंदीची चार इंच झाली. साडेपाच फुटांचा माणूस पावणेतीन इंचांचा. एकदा हे ठरलं की सगळं त्याच हिशेबानं. पाण्याचा माठ दीड फूट उंच असेल तर तो पाऊण इंचाचाच करायचा. मोठा केला तर बघणाऱ्याला काय चुकलं ते सांगता येत नाही, पण डोळ्याला खुपतं. शिवणकाम करणाऱ्यांना हे सोपं जातं. ब्लाउजचं माप घेऊन कागदावर उतरवतो, तसंच हे. आमची टेपही तीच.

पण सासऱ्यांना फूट-इंच येईनात. त्यांचं माप पावलांत, हातांत, वितींत. शेवटी मी अंगण सारवलं आणि रांगोळीचा डबा घेतला. ते काठी टेकत चालले, मी मागून रेघ ओढत गेले. ही नाळ, म्हणजे पुढचं टोक. हे सुकाणू. इथं पोट सगळ्यात रुंद. नाळ त्यांनी तीनदा पुसायला लावली. अंगणभर मचवा झाला, एक टोक तुळशीच्याही पुढे गेलं. शेजारच्या बायका बघायला आल्या, पोरं आत बसून वल्हवायला लागली. मग मी टेप लावून सगळी मापं वहीत उतरवली.

सांगाड्याला मी गोदामातल्या खोक्यांचा जाड पुठ्ठा घेतला. भिवंडीत त्याला तोटा नाही. मधला कणा आणि त्यावर आडव्या सात फासळ्या. फासळीचा कागद मधोमध दुमडून कापायचा, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या येतात. नाहीतर होडी एका कुशीवर कलते. माझी पहिली कललीच. वरच्या फळ्या बांबूच्या. बुरडाकडून पातळ कामट्या आणल्या. त्या नसतील तर आइस्क्रीमच्या काड्या उभ्या चिरून घ्या. खरी फळी सहा इंच रुंद म्हणजे आपली पाव इंच. गरम पाण्यात अर्धा तास ठेवायच्या, वाकवायच्या, फेविकॉल लावायचा आणि कपड्यांचे चिमटे लावून रात्रभर ठेवायच्या. घाई केलीत की सकाळी सुटलेल्या दिसतील. थर्माकोल मात्र नको. त्यावर २०१८ साली राज्यात बंदी आली, आणि त्याची होडी दिसतेही साबणाच्या वडीसारखी.

बारीक काम हाच माझा आवडता भाग. अंगठ्याएवढा जाड दोर आपल्या मापात जेमतेम सुईतल्या दोऱ्याएवढा होतो. मागाखालचं टाकाऊ सूत घ्या, दोन पदर उलटे पिळा आणि एकमेकांवर सोडा. वात वळायची सवय असलेल्या बाईला हे कुणी शिकवायला नको. नांगर बांधणीच्या तारेचा. पेंढ्याच्या जुड्या जुन्या केरसुणीच्या. नाळेमागे मातीची इवलीशी चूल केली. सासरे म्हणाले होते की भरती येईपर्यंत तिथं भात शिजायचा.

फळ्या पुऱ्या झाल्या आणि मार्गशीर्षात सासऱ्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखाना, औषधं, रात्रीची जागरणं यांत ती होडी कपाटावर गेली. पुढे कधीतरी खाली काढली तेव्हा लक्षात आलं की डोलकाठी कुठं उभी करायची, किती उंच, शीड केवढं, हे मी विचारायचं ठेवून दिलं होतं. होडीचं पोट आधी, मग वरचं, असं ठरवलं होतं. वही त्यांच्यासमोर धरली. ते बघत राहिले आणि डोळ्यांतून पाणी आलं. परत धरली नाही.

दोन महिने ती तशीच बोडकी होती. गावात त्यांच्या बरोबरीचे कोणी उरले नव्हते. एक दिवस सासूबाई तांदूळ निवडत होत्या. होडीकडे बघून म्हणाल्या, "शीड कवा घालतेस?" मी म्हटलं, माप नाही. त्या म्हणाल्या, "मना इचार ना. मी शिवायची ती."

बायांनो, मी पाच महिने त्या घरात होडी करत होते आणि या बाईला एक प्रश्न विचारला नव्हता. बायका मचव्यावर जात नाहीत, त्यांना काय ठाऊक असणार, असं मीच धरून चाललेली! दर पावसाळ्यात शीड उतरवून घरी यायचं. मांडव आणि ओटा धरून पसरायचं, तरी एक टोक शेजारच्यांच्या दारात जायचं. चार जावा मिळून ते उसवायच्या, ठिगळं लावायच्या. कोणती कड किती हात, ते त्यांना पाठ होतं. मांडव पडला होता, पण त्याचे दगड जागेवर होते. आम्ही टेप लावली. शिडावरून परबाण, म्हणजे शीड बांधायचं आडवं लाकूड, निघालं. त्यावरून डोलकाठीची उंची निघाली. आणि ती सरळ नसते, पुढे नाळेकडे झुकलेली असते, हेही त्यांनीच सांगितलं. डबा द्यायला जायच्या तेव्हा लांबून त्या झुकीवरूनच आपला मचवा ओळखायच्या.

शीड मी जुन्या मलमलच्या ओढणीचं केलं, चहाच्या पाण्यात बुडवून. ठिगळं सासूबाईंनी सांगितली त्याच जागी लावली.

हे पोरखेळ वाटत असेल तर एक सांगते. अजिंठ्याच्या लेण्यातल्या जहाजाच्या चित्रावरून आपल्या नौदलासाठी गोव्यात एक जहाज बांधलं, फळ्या काथ्याच्या दोरीनं शिवून. नाव कौंडिण्य. मे २०२५ मध्ये ते कारवारला नौदलात दाखल झालं. तसल्या जहाजाचा नकाशा कुणाकडे शिल्लक नव्हता. म्हणून त्याची लहान प्रतिकृती करून मद्रासच्या आयआयटीत ती पाण्यात पारखून घेतली. एवढ्या शिकलेल्या लोकांनाही आधी छोटी होडी लागलीच.

आमच्या गटात लगेच प्रश्न आला, केवढ्याला विकायची? माझं मत ऐका, पटलं तर घ्या. पहिल्या तीन विकू नका. एका होडीला मला घरकाम सांभाळून अडीच महिने लागले. बाजारात साच्यातली प्लॅस्टिकची होडी मिळते, तिच्याशी भावात टिकता येणार नाही. आणि विकायचं म्हटलं की चूल, माठ, ठिगळं गाळावीशी वाटतात, वेळ वाचतो म्हणून. दुपारचा तासभर मी यातून काही मिळावं म्हणून बसत नाही. सुरुवातीला घरात कुरकुर झाली. आता चहा तिथंच आणून देतात.

शीड बांधलं त्या दिवशी होडी सासऱ्यांच्या खाटेजवळ स्टुलावर ठेवली. बराच वेळ त्यांनी नुसतं पाहिलं. मग डावा हात पुढे आला. परबाण मी काठीच्या ज्या बाजूला बांधलं होतं, तिथून त्यांनी ते बोटानं ढकललं, पुन्हा ढकललं. मी सोडून दुसऱ्या बाजूला बांधलं. मग हात खाली घेतला. सासूबाई म्हणाल्या, "वारा त्या अंगाचा आसंल."

येत्या गुरुवारी दुपारी दोन वाजता आमच्या ओट्यावर जमू. शिवणाची टेप, जाड पुठ्ठा आणि चिमटे आणा. आणि घरी म्हातारं माणूस असेल तर येण्याआधी त्याला किंवा तिला विचारून या, आपल्या गावाला होडी होती का, बैलगाडी होती, की आणखी काही. खाडी नसलेल्यांनी बैलगाडी करायला हरकत नाही. चाकाला आरे किती, तेवढं मात्र मोजून आणा.