गाडी जुनी, पण नाव आपलं

(एकट्या स्त्रियांसोबत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



कालपासून आपण पोटगी, कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा, रेशनकार्डावरचं नाव यांवर बोलतोय. आज माझ्या वाट्याला विषय आलाय जुन्या मोटारगाडीचा. कार्यक्रमपत्रिका वाचून मागच्या रांगेतल्या दोघीतिघी हसल्या, ते मी पाहिलं. "आम्हांला गॅसची टाकी परवडेना आणि ही बाई मोटारीच्या गोष्टी सांगतेय!" खरं आहे. तरी थोडं ऐकून घ्या.

मी कोकणात काम करते. आमच्याकडच्या वरच्या वाड्यांना शेवटची एस.टी. संध्याकाळी सहाला सुटते. नवऱ्यानं मारण्याची वेळ मात्र बहुतेक नऊनंतरची असते. रात्री फोन येतो. मग रिक्षावाला शोधा, तो म्हणेल ते भाडं कबूल करा, नाहीतर ओळखीतल्या कुणाच्या नवऱ्याला उठवा. तो गाडी काढतो, पण वाटेत विचारतो, "दुसऱ्याच्या घरच्या भानगडीत तुम्ही कशाला पडता?" त्याच्या गाडीत बसलेली असताना त्याला उत्तर द्यायचीही चोरी. म्हणून सांगते, आपल्यासाठी गाडी ही चैन नाही. रात्री बाहेर पडायला कुणाची परवानगी लागते आणि कुणाची नाही, एवढाच तो प्रश्न आहे.

नवी गाडी आपल्याला परवडत नाही. तेव्हा बोलायचं ते दहा-बारा वर्षं जुन्या गाडीबद्दलच.

आधी माझी फजिती सांगते. २०१२ साली मी मानधनातून साठवलेले ५५,००० रुपये देऊन एक मारुती ८०० घेतली. घेतली म्हणजे काय, पैसे माझे होते. गाडी दिरांनी पसंत केली, भाव त्यांनी ठरवला, आणि "तू कुठे आर.टी.ओ.त हेलपाटे घालतेस" म्हणून कागदावर नाव लागलं माझ्या नवऱ्याचं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट काळजी घेतात म्हणून बरंच वाटलं. तीन वर्षांनी मी ते घर सोडलं तेव्हा अंगावरच्या कपड्यांनिशी आणि मुलीला घेऊन बाहेर पडले, गाडी अंगणात राहिली. वकीलबाईंनी विचारलं, "पैसे तुम्ही दिल्याचा काही पुरावा?" काहीच नव्हता. पैसे मी दिरांच्या हातात रोख मोजून दिले होते. आर्थिक छळ हाही हिंसाचार आहे, हे २००५ च्या कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे आणि मी ते गावोगाव सांगत होते. पण दुसरीला सांगितलेला कायदा स्वतःच्या अंगणात मला आठवला नाही.

पैसे आपले असले तरी नाव दुसऱ्याचं असेल तर गाडी आपली नाही. मोटार वाहन कायद्याच्या ५० व्या कलमाप्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचं असतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली एका अपघाताच्या प्रकरणात सांगितलं की, गाडी विकून पुढे कितीही हातांतून गेली असली तरी नोंदीत ज्याचं नाव आहे तोच मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच. म्हणजे गाडी घेताना नाव लावून घ्यायचं, तसंच आपली गाडी विकताना आपलं नाव उतरलं की नाही हेही बघायचं. नाहीतर अपघात तिसराच करणार आणि कोर्टाचं समन्स आपल्या दारात येणार.

विम्याचंही तसंच. आमच्या ओळखीच्या एका शिक्षिकेनं एजंटाकडून गाडी घेतली. बाजारात ज्याला टी.टी. फॉर्म म्हणतात ते, म्हणजे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म, जुन्या मालकाच्या सहीनं कोरेच तिच्या हातात दिले. "नाव सावकाश लावा, मॅडम." विमाही जुन्याच नावावर राहिला. चार महिन्यांनी मागून टँकरनं ठोकलं. विमा कंपनी म्हणाली, "पॉलिसी ज्यांची आहे ते गाडीचे मालक नाहीत, आणि तुमची तर आमच्याकडे पॉलिसीच नाही." दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा कायद्यानं गाडीबरोबर येतो. आपल्या गाडीच्या नुकसानीचा मात्र आपण नाव बदलून घेतल्याशिवाय येत नाही. त्यासाठी १४ दिवसांत अर्ज करावा लागतो. आणखी एक. गाडीच्या विम्याबरोबर मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा असतो. तो मिळतो नोंदीतल्या मालकाला, आणि त्याच्याकडे लायसन्स असेल तरच. गाडी आपण चालवायची आणि नाव नवऱ्याचं असेल, तर हे संरक्षण आपल्याला नाहीच. म्हणून गाडीआधी लायसन्स काढा.

आता दुसऱ्या गाडीची गोष्ट. २०२२ साली आम्ही तिघी कार्यकर्त्यांनी प्रत्येकी ४०,००० रुपये काढले. एकूण १,२०,०००. त्यातली एक बचत गटातून कर्ज काढायला निघाली होती. तिथे व्याज दरमहा २ टक्के. ऐकायला थोडं वाटतं, वर्षाचे २४ टक्के होतात. शेवटी तिनं भिशीच्या पैशांची वाट पाहिली आणि आम्ही दोन महिने थांबलो. एजंट म्हणाला, "सव्वा लाखात चांगली गाडी देतो." आम्ही म्हटलं, आमच्याकडे आहेत ८५,००० च. खोटं बोललो का? नाही. उरलेले ३५,००० गाडीच्या किमतीचे नव्हतेच, ते गाडी रस्त्यावर ठेवण्याचे होते. जुन्या गाडीला सगळे पैसे देऊन मोकळं व्हायचं नाही. चार भागांतला निदान एक भाग मागे ठेवायचा.

तो कसा गेला ते ऐका. चार टायर १२,०००. बॅटरी ३,८००. क्लच प्लेट मजुरीसकट ६,५००. विमा सुमारे ३,४००. ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड ३,५००. नाव लावणं, पी.यू.सी. आणि किरकोळ मिळून हजारभर. राहिलेले पहिल्या पावसात वायपरची मोटर आणि रेडिएटरच्या पाइपनं खाल्ले. एजंटाला सव्वा लाख दिले असते तर टायरसाठी मंगळसूत्र गहाण पडलं असतं.

गाडी बघायची कशी? आपल्याला सांगितलेलं असतं, यंत्रातलं बायकांना कळत नाही. अहो, मेथीची जुडी आपण उलटून पालटून, देठ मोडून घेतो. तीच नजर इथे लावायची.

दिवसाउजेडी जायचं, एकटीनं जायचं नाही, आणि सकाळी इंजिन थंड असताना जायचं. आधी बॉनेटवर हात ठेवायचा. गरम लागलं तर समजायचं, सुरू व्हायला त्रास देते म्हणून आधीच तापवून ठेवली आहे. सुरू केल्यावर मागचा धूर बघायचा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. पांढरा दाट धूर थांबतच नसेल तर पाणी आत शिरतंय. इंजिन बंद असताना ऑइलचं झाकण उघडून आतून बघा. दुधाच्या चहासारखा फेसाळ थर असेल तर नमस्कार करून निघा.

मीटरवरच्या किलोमीटरवर भरवसा ठेवू नका, ते मागे फिरवता येतात. ब्रेकच्या पेडलचं रबर बघा. मीटर म्हणतो ३५,००० आणि रबर झिजून गुळगुळीत झालंय, तर कोण खरं बोलतंय? टायरवर चार आकडे असतात. २३१६ असेल तर २०१६ सालच्या २३ व्या आठवड्यातला टायर. नक्षी दिसली तरी इतका जुना टायर बदलायचा खर्च मनात धरा. एकाच कडेनं झिजला असेल तर खालच्या जोडणीत दोष आहे. क्लच बघायचा तर मोकळ्या जागेत हँडब्रेक ओढून तिसरा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. गाडी बंद पडली पाहिजे. नुसतं इंजिन घरघरत राहिलं तर क्लच संपलाय.

आमच्याकडे दोन गोष्टी आणखी बघाव्या लागतात. एक गंज. खाऱ्या वाऱ्यानं पत्रा खालून खातो, म्हणून पायाखालचं मॅटिंग उचला, दाराच्या खालच्या कडांवर हात फिरवा, डिकीतल्या स्टेपनीखाली बघा. दुसरी गोष्ट पूर. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं. २०१९ ला सांगली-कोल्हापूर बुडालं होतं. अशा पुरात सापडलेली गाडी धुऊन-पुसून, अत्तर मारून विकायला आणता येते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आत गुंडाळलेल्या भागावर गाळाची रेघ राहते. सीटखालच्या रुळांवर गंज, दिव्यांच्या काचेत आतून धुकं आणि कुबट वास, ही सगळी त्याचीच लक्षणं.

एवढं करून आपला गॅरेजवाला सोबत न्या, त्याचे पैसे द्या. विकणाऱ्यानं सुचवलेला मेकॅनिक नको. आम्ही पाच गाड्या नाकारल्या. तिसऱ्या वेळी एजंट म्हणाला, "कुणी पुरुष माणूस नाही का बरोबर?" आमच्यातली सर्वांत धाकटी गाडीखाली झोपून बॅटरीच्या उजेडात बघत होती. तिथूनच म्हणाली, "नाही, आम्हीच आहोत."

आता कागद. आर.सी.वरचा इंजिन नंबर आणि चासी नंबर गाडीवर स्वतः वाचून जुळवायचा. मोबाइलवर एम-परिवहनवर नंबर टाकला की नोंदणीची मुदत, विमा, कर्जाचा बोजा दिसतो. थकलेली चलनंही तपासा, नाहीतर त्याचे दंड आपण भरणार. बोजा असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि ३५ नंबरचा फॉर्म हातात आल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. दिल्लीत १० वर्षांपुढच्या डिझेल आणि १५ वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर २०१५ आणि २०१८ च्या आदेशांनी बंदी आली, तेव्हा तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येऊ लागल्या. परराज्यातल्या गाडीला तिथला ना-हरकत दाखला लागतो आणि इथला रस्ता कर वेगळा भरावा लागतो. मग स्वस्त काय राहिलं?

नोंदणी १५ वर्षांची असते, तेव्हा ती कधी संपते ते आधी बघा. आमची अल्टो २०१० ची. २०२५ ला तपासणी करून नूतनीकरण केलं. २०२२ पासून मोटारीला त्याचं शुल्क ६०० वरून ५,००० झालंय, आणि पर्यावरण कर वेगळा. पुढे पाच-पाच वर्षांनी पुन्हा. चौदा वर्षांची गाडी स्वस्त का मिळते याचं हेही उत्तर आहे.

पैसे बँकेतून द्या. पावतीवर तारखेबरोबर ताबा घेतल्याची वेळही लिहा, कारण सकाळी त्यांनी सिग्नल तोडला आणि संध्याकाळी गाडी आपली झाली, असंही होतं.

शेवटचं आणि अवघड. तिघींची गाडी, तर नाव कुणाचं? संस्था नोंदणीकृत असेल तर संस्थेच्या नावावर घेता येते. आमची गाडी धाकटीच्या नावावर घेतली, लायसन्स तेव्हा तिच्याकडेच होतं. आणि स्टॅम्प पेपरवर करार केला. कुणी किती पैसे घातले, पेट्रोल कुणी भरायचं, दुरुस्ती कशी वाटायची, एखादी बाहेर पडली तर तिचा वाटा कसा द्यायचा, तिघींच्या सहीशिवाय विकायची नाही. २०२१ पासून आर.सी.ला वारस म्हणून नाव देता येतं, तेही दिलं. करार काढला तेव्हा तिला वाईट वाटलं. म्हणाली, "आपल्या आपल्यात कसले कागद, ताई?" मी तिला विचारलं, तुझ्या आईनं हक्कसोड पत्रावर सही केली तेव्हा मामा काय म्हणाले होते? थोडा वेळ ती गप्प राहिली. मग तिनंच तो मजकूर स्वच्छ अक्षरात लिहून काढला.

गाडी काही गुणाची नाही. ए.सी. चालत नाही, डावी काच हातानं धरून वर घ्यावी लागते, घाटात लोक मागून हॉर्न मारतात. पण मध्यरात्री फोन आला की आम्ही कुणाला उठवत नाही. मागच्या पावसाळ्यात एका वाडीवरून एका बाईला आणि तिच्या दोन लेकरांना आणलं. बाई सगळा वेळ गप्प होती. उतरताना एवढंच विचारलं, "ही गाडी कुणाची?" धाकटी म्हणाली, "माझी." आणि आमच्याकडे बघून म्हणाली, "म्हणजे आमची."

तीच गाडी बाहेर चिंचेखाली उभी आहे. चहा झाला की सगळ्याजणी तिकडे या. बॉनेट उघडून ठेवते. प्रत्येकीनं ऑइलचं झाकण स्वतःच्या हातानं उघडून बघायचं. हात काळे होतील, साबण आणलाय.