विजेचें ग्लायडर आणि त्याचा तोल

३० जून १९५७ रोजीं इंग्लंडांत कर्नल टॅपलिन यांनीं ‘रेडिओ क्वीन’ हें छोटें विमान विजेच्या मोटारीवर उडविलें आणि जमिनीवरून रेडिओनें हांकलें. त्यांत चांदी-जस्ताची बॅटरी होती. आज लिथियमच्या हलक्या बॅटरीमुळें हा छंद पुष्कळ सोपा झाला आहे. तथापि वजन किती, यापेक्षां तें कोठें ठेवावें, याला अद्यापि अधिक महत्त्व आहे.

माझ्या पहिल्या ग्लायडरांत मीं बॅटरी पंखांच्या मागें ठेविली, कारण तेथें जागा मोकळी होती! हातून सुटतांच त्यानें नाक वर केलें, वेग गमावला आणि तें कोसळलें. दोन महिन्यांचे श्रम मातींत गेले.

दुसऱ्या खेपेस बॅटरी नाकांत सरकविली. दोन्ही पंखांखालीं, पुढच्या कडेपासून सुमारें एक-तृतीयांश रुंदीवर, एकेक बोट टेकून पाहिलें. ग्लायडर आडवें, स्थिर राहिलें. मग तें सोडलें. अर्ध्या मिनिटानें मोटार बंद करतांच पंख्याचीं पातीं अंगाशीं मिटलीं आणि तें घारीप्रमाणें निःशब्द तरंगूं लागलें.

तेव्हां पहिल्या फेकीपूर्वीं ही दोन बोटांची परीक्षा कोणीं चुकवूं नये, एवढीच विनंति.