आंघोळ घालताना हाताला लागलेलं टणक



 डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव घेतल्याशिवाय सोलापुरात डॉक्टरांची परिषद सुरू होत नाही. मीही रीत मोडत नाही. १९३८ साली सोलापूरचा हा सुपुत्र थेट चीनला पोचला. आमच्या लेकरांना यकृत प्रत्यारोपणासाठी पुण्या-मुंबईपर्यंतच जायचं असतं, तरी उशीर होतो.

तो कसा होतो, हे मला माझ्याच ओपीडीत कळलं. पूर्व भागातली एक आई दीड वर्षाच्या पोराला घेऊन आली. ‘‘आंघोळ घालताना पोटाला टणक लागतंय, डॉक्टर.’’ पोर हसतंखेळतं, डोळे पांढरेशुभ्र, कावीळ नाही. आधी दोनदा जंताचं औषध झालं होतं. त्यातलं एक माझंच, पोटाला हात न लावता लिहिलेलं. निघाला हिपॅटोब्लास्टोमा, आणि तोवर यकृताच्या चारही भागांत पोचलेला.

तीन वर्षांखालच्या मुलांत यकृताचा कर्करोग म्हणजे बहुतेकदा हाच. सोनोग्राफी आणि रक्तातलं अल्फा फिटोप्रोटीन एवढ्यावर संशय बळावतो. तान्ह्या बाळात ते मुळातच जास्त असतं, तेवढं भान ठेवायचं. सिस्प्लॅटिनने बऱ्याच गाठी आकसतात, मग कापून काढता येतात. ज्या तरीही निघण्यासारख्या नसतात, तिथे अख्खं यकृत बदलावं लागतं.

डेनव्हरला थॉमस स्टार्झल यांनी १९६७ साली केलेलं पहिलं यशस्वी यकृत प्रत्यारोपण यकृताचा कर्करोग झालेल्या दीड वर्षाच्या मुलीचंच होतं. ती वर्षभर जगली, पण कर्करोग परतला. तेव्हा सिस्प्लॅटिन हाताशी नव्हतं. आज आईबापाच्या यकृताचा डावीकडचा छोटा तुकडा लेकराला पुरतो. माझ्या ओपीडीतल्या त्या पोराला बापाने दिला. पोर यंदा पहिलीत आहे.

एक आकडा मात्र मला झोपू देत नाही. हिपॅटोब्लास्टोमासाठी प्रत्यारोपण झालेल्या जगभरातल्या १४७ मुलांचा आढावा २००४ साली प्रसिद्ध झाला. पहिल्यापासून प्रत्यारोपणच ठरवलेल्यांपैकी सहा वर्षांनी ८२ टक्के हयात होती. आधी गाठ कापली, ती राहिली किंवा परतली आणि मग प्रत्यारोपण झालं, त्यांच्यात ३० टक्के. ‘आधी कापून तर बघू’ यातला ‘तर’ एवढा महाग आहे. म्हणून केमोथेरपी सुरू करतानाच सीटीच्या फिल्म प्रत्यारोपण केंद्राकडे धाडा. गरज नाही असं ते म्हणाले, तर उत्तमच.

म्हणूनच या परिषदेचं पहिलं सत्र प्रत्यारोपणाचं नको, पोट तपासण्याचं ठेवा, असा हट्ट मी धरला, तेव्हा समितीतले काही ज्येष्ठ हसले. हसू द्या. दुपारी कडक भाकरी आणि शेंगाचटणी आहेच. त्याआधी पंचवीस मिनिटं या हातांसाठी द्या. पहिल्या वक्त्यांनी व्यासपीठावर यावं, ही विनंती.