त्वचेचे दुर्मीळ आजार आणि अठरावे वर्ष
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचे शब्दांकन)



आरोग्यावर चार शब्द बोलावेत अशी विश्वस्तांची आज्ञा झाली. मधुमेह आणि रक्तदाब यांवर आपण पुष्कळ ऐकतो. मी मात्र आज संख्येने मूठभर असलेल्या मुलांविषयी बोलणार आहे.

काही बालकांची कातडी जन्मतःच इतकी नाजूक असते, की कपड्याच्या घर्षणानेही अंगावर फोड उठतात. या आजारास एपिडर्मोलायसिस बुलोसा म्हणतात. त्याच्या एका तीव्र प्रकारात त्वचेचे थर एकमेकांस बांधून ठेवणारे ‘कोलॅजन सात’ हे प्रथिन शरीरात नीट तयार होत नाही. इक्थिओसिस हा दुसरा आजार. त्यात कातडी कोरडी व खवल्यांची होते आणि तीव्र प्रकारात घामही नीट येत नाही. धाराशिवच्या वैशाखात घाम न येणे म्हणजे काय, हे आपणांस सांगावयास नको. हे आजार जनुकीय आहेत; स्पर्शाने पसरत नाहीत. मामाच्या मुलीशी विवाह करण्याची रूढी मराठवाड्यात अनेक समाजांत आहे, आणि जवळच्या नात्यातील अशा विवाहांमुळे यांतील काही आजारांची शक्यता वाढते, हेही येथे स्पष्ट सांगितले पाहिजे.

आता खरा प्रश्न. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यातील पालघर येथून सुरू झाला. अंगणवाडीत आणि शाळेत येऊन पथक मुलांस तपासते, पण केवळ १८ वर्षांपर्यंत. अनेक रुग्णालयांत तर बालरोग विभागाचे दार १२ व्या वर्षीच बंद होते. त्वचारोगतज्ज्ञ बहुधा तेच राहतात, हे मान्य. परंतु आहार, दात, आकसणारी अन्ननलिका, जुळत जाणारी बोटे या सर्वांकडे एकत्रितपणे पाहणारे बालरोगतज्ज्ञ सुटतात. मोठ्यांच्या बाह्यरुग्ण विभागात डॉक्टर विचारतात, “काय त्रास होतो?” आणि सतरा वर्षांचा मुलगा आईकडे पाहतो.

कारण सारे ज्ञान आईपाशी असते. कोणती पट्टी कातडीस चिकटते, फोडातील पाणी निर्जंतुक सुईने कसे काढावे, वरची कातडी का ठेवावी, कोणते औषध मागे सोसले नव्हते, हे कोठेही लिहिलेले नसते. लेकीला तर या वयात आईकडूनही मलमपट्टी करून घेण्याचा संकोच वाटू लागतो, आणि दवाखान्यात जाणेच थांबते. दुर्दैव असे, की वर सांगितलेल्या तीव्र प्रकारात न भरणाऱ्या जखमेत त्वचेचा कर्करोग होण्याचा धोका किशोरवयाच्या उत्तरार्धापासूनच वाढू लागतो. तपासणी सुटण्याचे वयही नेमके तेच!

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. इक्थिओसिससाठी ॲसिट्रेटिन नावाच्या गोळ्या दिल्या जातात. त्या चालू असताना आणि बंद केल्यावर तीन वर्षे गर्भधारणा होता कामा नये. बाळात गंभीर व्यंग येऊ शकते. स्थळे पाहताना आपण आजार लपवितो, त्याबरोबर ही गोळीही लपते. हे मौन मला अक्षम्य वाटते.

म्हणून हस्तांतरणाची सुरुवात बाराव्या-तेराव्या वर्षीच करावी. मुलाने स्वतःची पट्टी स्वतः बांधावी. प्रत्येक भेटीत थोडा वेळ डॉक्टरांशी एकट्याने बोलावे. आईने सांगावे आणि मुलाने स्वतःच्या अक्षरात वही लिहावी. जनुक तपासणीचा कागद जपून ठेवावा. अमेरिकेत २०२३ साली या फोडांच्या आजारावर जखमेवर लावण्याच्या जनुकीय औषधास मान्यता मिळाली. उद्या असे काही आपल्या दारी आले, तर पहिला प्रश्न याच कागदाचा असेल.

धाराशिवला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. सोलापूर आणि लातूरही दूर नाहीत. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणानुसार मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय उत्कृष्टता केंद्र आहे. मात्र आर्थिक साहाय्य धोरणाच्या यादीतील आजारांसच मिळते. आपला आजार त्या यादीत आहे का, हे आधी विचारून मगच मुंबई गाठावी.

आपल्याकडे औषधदानाची थोर परंपरा आहे. त्यात मुंबईचे येण्या-जाण्याचे भाडे आणि सोबतीला एक जाणता माणूस, एवढ्याचा समावेश विश्वस्तांनी करावा, अशी माझी विनंती आहे. मदतीसाठी अठरा वर्षांची अट मात्र कृपया घालू नये.